ग्लव्ज घालायला काय होतं म्हणे

आज सकाळी कचरागाडी आली तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गाडीवरच्या दीदीनं समोरच्या घरची पन्नी उचलली (इंदूरबाहेरच्यांसाठी: पन्नी म्हणजे भाजीवाला कोथिंबीर घालून देतो ती पातळ पिशवी) आणि एकदम हात झटकला. आत लोणच्याची फुटलेली बरणी. तळहातातून रक्त. आणि समोरच्या काकू वरून काय म्हणतात? "ग्लव्ज घालायला काय होतं या लोकांना?"

डोकं सणकलं माझं.

घालायला हवेत ग्लव्ज, मान्य. पण मे महिन्यात रबरी हातमोजे घालून तासभर नुसता ओटा पुसून दाखवा, मग बोला. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आमचा! पुण्याचे पाहुणे आले की छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत पोहे खायला घालायच्या आधी आम्ही गाडीचे सहा कप्पे मोजून दाखवतो. ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा. पाढ्यांसारखं पाठ. आणि फुटकी काच कुठे, तर पन्नीत.

डेटॉल आणि कापूस घेऊन खाली धावले. धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घे म्हणून दोनदा बजावलं. काकूंना मात्र एक शब्द बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

त्याचं कारण कधी कुणाला सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी नाना, माझे सासरे, इन्सुलिनवर होते. दिवसातून दोनदा. पेनाची सुई केवढीशी, चार मिलिमीटर. त्या मी ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत जमवायचे आणि गाठ मारून सुक्या कचऱ्यात द्यायचे. एक दिवस तेव्हाच्या दीदीनं ती पिशवी दाबून कप्प्यात कोंबली आणि पटकन अंगठा तोंडात घातला. माझ्याकडे बघून म्हणाली, "सुई थी क्या, भाभीजी?"

मी म्हणाले, "पता नहीं, ऊपरवालों की होगी."

हो, मी. बावीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेली बाई.

दवाखान्यात अशा सुईसाठी पांढरा, टणक, सुई आरपार जाणार नाही असा डबा असतो. तीच सुई आमच्या घरी आली की ब्रेडच्या पिशवीत. डॉक्टरांनी पेन कसं धरायचं ते दाखवलं होतं, सुई कुठे टाकायची ते नाही. पण डॉक्टरांवर काय ढकलू? पिशवीतून बाहेर आलेलं टोक मला दिसत होतं की.

आता बाटलीचं सांगते, कारण शेवटी मी तेवढं एकच धड केलं. कपड्यांच्या कंडिशनरची रिकामी बाटली घ्यायची. जाड, आतलं न दिसणारी, फिरकीच्या झाकणाची. पाण्याची बाटली नको, ती जरा दाबली की चपटी होते. काचेची तर मुळीच नको. सुई आत टाकली की लगेच झाकण, आणि बाटली नातवंडांचा हात पोचणार नाही अशी वर. पाऊण भरली की बस, वरपर्यंत कोंबायची नाही. झाकणावर चिकटपट्टी, अंगावर मोठ्या अक्षरात 'सुई' (मराठीत तेच, हिंदीतही तेच, बरं झालं). आणि घातक कचऱ्याच्या कप्प्यासाठी हातात द्यायची, सांगून. घरातल्या सुया घातक कचऱ्यात मोडतात असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं. मी वाचलं नानांच्या शेवटच्या वर्षी.

काचेला तर एवढंही लागत नाही. वर्तमानपत्राचे चार वेढे, चपलांचं खोकं, वर 'काँच'. माळ्यावर 'लागेल कधीतरी' म्हणून दहा-दहा खोकी ठेवतो ना आपण? (तेजाब, म्हणजे ॲसिड, पाण्याच्या बाटलीत भरून मोरीत ठेवणाऱ्यांवर वेगळी पोस्ट लिहीन. आज नको.)

अंगठा तोंडात घातला होता तिनं, ते डोळ्यांसमोरून जात नाही. सुईतून कावीळ बी, सी, एचआयव्ही जाऊ शकतो हे मला ठाऊक होतं. नानांना त्यातलं काही नव्हतं, पण ते तिला कसं कळणार? वाहत्या पाण्याखाली साबणानं धू, सुई आमचीच आहे, आजच दवाखान्यात जा, इतकं म्हणायचं होतं. एचआयव्हीवरचं औषध द्यायचंच तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. मी ७२ तास गप्प होते. पुढच्या महिन्यात तिचा रूट बदलला.

काकूंना मघाशी वर लिहिताना उगाच फाडून खाल्लं. त्या बरणीतलं लोणचं मीही खाल्लंय.

तीन बाटल्या धुऊन गॅलरीत उपड्या घातल्यात. एक संध्याकाळी समोर देऊन येते, काकांचं इन्सुलिन गेल्याच महिन्यात सुरू झालंय. उरलेल्या दोन कुणाला हव्या असतील तर चारनंतर या. झाकणं घट्ट बसतात, बघून घेतलंय.