नर्सिंगला ॲडमिशन मिळाली? आता हे वाचून ठेवा

अभिनंदन पोरींनो, आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या त्या चार पोरांनो, तुमचंही! सीईटी दिली, कॅप राउंडची वाट बघितली, फी भरली, आता चार वर्षं बीएस्सी नर्सिंग, जीएनएम डिप्लोमावाल्यांची तीन. घरी पेढे वाटले असतील आणि एखादी आत्या म्हणालीही असेल की एमबीबीएसला नंबर नाही लागला का गं. तिला हसून अजून एक पेढा द्या. हेच हसू पुढं रोज लागणारे, प्रॅक्टिस होऊन जाईल.

पहिल्यांदा लॅम्प लायटिंग होईल. पांढरा युनिफॉर्म, हातात दिवा, नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथ, समोर आईबाबा मोबाईल धरून. मस्त रडून घ्या. फक्त ही बाई दिवा खाली ठेवल्यावर काय करत होती ते शोधू नका. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर तिनं हिशोब मांडला की सैनिक जखमांपेक्षा घाणीनं आणि साथींनी जास्त मेले, त्याचे रंगीत तक्ते केले आणि सरकारपुढं ठेवले. ही मोजायची सवय फार वाईट. उद्या तुम्ही वॉर्डातले पेशंट मोजाल, मग कुठंतरी वाचाल की नर्सिंग कौन्सिलच्या निकषात टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स लिहिलीय, मग विचाराल की नाइटला पन्नास पेशंटना एक सिस्टर आणि आम्ही दोन स्टुडंट हे कुठल्या गणितात बसतं, आणि त्याचं उत्तर तुम्हाला थेट इंटर्नल मार्कांत मिळेल. त्यापेक्षा दिवा बरा.

वॉर्डात आपण शिकायला आलोय असा गैरसमज मनातून काढून टाका. कॉलेजात चादरीचा कोपरा ४५ अंशात दुमडायला शिकवतील, तो न चुकता पाठ करा, कारण वॉर्डात एका बेडवर दोघं आणि खाली गादीवर तिसरा असेल, तेव्हा कोपरा नेमका कुठला हे तुमचं तुम्हीच ठरवायचंय. रिपोर्ट आणणं, स्टोअरला इंडेंट म्हणजे सामानाची मागणीचिठ्ठी घेऊन पळणं, मावशी सुट्टीवर असली तर बेडपॅन, याला क्लिनिकल एक्स्पोजर म्हणतात. आणि नातेवाईक? "ओ सिस्टर, सलाईन संपलं!" झोपेत सुद्धा ऐकू येईल. तुमच्या बॅचच्या पोराला मात्र पहिल्याच दिवशी "डॉक्टरसाहेब" म्हणतील, त्यानं लगेच दुरुस्त करू नये, बिचाऱ्याला तेवढंच सुख. लॉगबुकचं, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीचं, टेन्शन घेऊ नका, एकच डिलिव्हरी सहा जणींच्या बुकात व्यवस्थित मावते, सहीसाठी मॅडमचा मूड चहानंतर बरा असतो.

मानाची काळजीच नको. २०२० ला २२ मार्चला अख्ख्या देशानं थाळ्या वाजवल्या, ३ मेला हवाई दलानं हॉस्पिटलवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. त्याच दिवसांत घरमालक नर्सना रूम खाली करा म्हणत होते ते सोडा, फुलं बघा किती वरून आली! दर १२ मेला नर्सेस डे असतो, त्या दिवशी गुलाब आणि केक नक्की, पगार मात्र विचारू नका. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं २०१६ सालीच पन्नासपेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा किमान वीस हजार द्या असं सुचवलंय, तुम्ही इंटरव्ह्यूला हा आकडा सांगून बघा, एचआरवाले पण कधीतरी खळखळून हसले पाहिजेत ना. ते "सेवाभाव" म्हणतील तेव्हा समजायचं की ऑफर लेटर आलं.

बाकी सेकंड इयरपासून हॉस्टेलवर अर्ध्या पोरी जर्मनीतल्या नोकरीसाठी रात्री जर्मन क्रियापदं पाठ करताना दिसतील. सीनियर रागावतील, देशाला तुमची गरज आहे वगैरे सांगतील, त्यांचा जर्मनच्या बी वन लेव्हलचा क्लास किती वाजता असतो ते तेवढं विचारून घ्या.

आणि पांढरे शूज एक नंबर मोठेच घ्या, डबल ड्युटीत पाय सुजतात. ही एकच गोष्ट मी सिरियसली सांगतेय.