एसएमपीएसचं झाकण बंदच राहू द्या

‘नवीन असेंबल केलेला पीसी चालू होत नाही? दुकानदाराकडे जाऊ नका, हे पाच उपाय करा’ असा फॉरवर्ड फिरतोय. नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या आमच्या भाच्यालाही आला. त्यातला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) उघडायचा चौथा उपाय वाचून तो विचारतो, ‘मामा, झाकणाला कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल?’ तेव्हा लिहिणं भाग पडलं.

उपाय असे: (१) डिस्प्ले आला नाही तर लगेच बंद करा, प्रोसेसर खराब आहे; (२) रॅम खोडरबराने घासा; (३) एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर जोडा, पंखा फिरला म्हणजे मदरबोर्ड गेला; (४) तरी नाहीच, तर एसएमपीएस उघडून मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करा; आणि (५) केबल कमी पडली तर जुन्या एसएमपीएसची लावा.

आधी चौथा, कारण तो जिवावर बेतू शकतो. भिंतीतले २३० व्होल्ट एसी आत डीसी होतात तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होतात. अॅक्टिव्ह पीएफसीच्या (वीज नीट ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये त्याहूनही जास्त. प्लग काढला तरी हा चार्ज कपॅसिटरमध्ये मागे राहू शकतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत इलेक्ट्रिक पॅनेलवर काम करणाऱ्या कुणालाही ‘स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरचा चार्ज उतरवतोय’ म्हणून सांगा, तो आधी तुमच्या हातातलं हत्यार काढून घेईल. शिवाय सील तुटलं की वॉरंटी गेली. आणि एवढं करून मिळणार काय? उरलेला चार्ज घालवून बोर्ड रीसेट करायचा असेल तर प्लग काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. झालं. बायोसच्या (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंग पुसायच्या असतील तर प्लग काढलेला असतानाच बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर-२०३२ सेल काढून पाच मिनिटं थांबा.

तिसऱ्यात अर्धं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य. चोवीस पिनी कनेक्टरची १६ नंबरची पिन, म्हणजे हिरवी वायर, काळ्या वायरला जोडली की एसएमपीएस चालू होतो. पण हल्ली बऱ्याच केबल सगळ्याच काळ्या येतात, हिरवी शोधत बसाल. त्यात काही मॉडेलचा पंखा लोड नसताना फिरतच नाही. आणि फिरला तरी त्यावरून एवढंच कळतं की एसएमपीएस जागा झाला. इंटेलच्या एटीएक्स डिझाइन गाइडनुसार (एसएमपीएस कसा असावा, ते सांगणारं) ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ मध्येच हवी, आणि व्होल्टेज ठीक झाल्यावर निदान १०० मिलिसेकंदांनी ८ नंबरच्या पिनवर ‘पॉवर गुड’चा सिग्नल यायला हवा. तो आल्याशिवाय बोर्ड पुढे सरकत नाही. पंखा यातलं काहीच सांगत नाही, मग ‘मदरबोर्ड गेला’ हे कुठून काढलं?

पहिला उपाय तर उलटाच आहे. डीडीआर-५ रॅमच्या बोर्डवर, विशेषतः एएमडीच्या एएम-५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा), पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, आणि स्क्रीन कित्येक मिनिटं काळीच राहते. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात लावू नका. बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला अडकलाय ते बघा. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशा वेळी प्रोसेसरला दोष देण्याआधी बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनी सीपीयू केबल तपासा. ती सर्रास विसरली जाते. इंटेलच्या १२४००एफसारख्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून एचडीएमआय बोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावायची.

खोडरबर? नव्या रॅमवर घासण्यासारखं काही नसतंच, उलट त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. स्लॉटला एकाच बाजूला लॅच (अडकवायची कडी) असेल तर दुसरं टोक बसल्यासारखं दिसतं आणि वर राहतं. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा. चार स्लॉट असतील तर दोन रॅम साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. तरी अडलं तर एकच रॅम दुसऱ्यात लावून बघा.

जुनी मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुटी होणारी) केबल अजिबात नको. एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी डेटासकट संपली.

इतकं करूनही बोर्डच परत करायची वेळ आली, तर सॉकेटचं प्लास्टिक कव्हर बसवून, शक्यतो आधी सॉकेटचा फोटो काढूनच द्या. नाहीतर वाटेत वाकलेल्या पिना तुमच्याच खात्यात जमा होतील.