स्वित्झर्लंडच्या आज्यांना ‘उकाड्याची भरपाई’ मिळालेली नाही

उन्हाळा तापला की एक फॉरवर्ड परत फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: युरोपियन युनियनच्या कोर्टाने स्वित्झर्लंडला दंड ठोकला, ‘उकडतंय’ म्हणून रडणाऱ्या चार म्हाताऱ्यांना भरपाई मिळाली, जनतेने मतदान करून नाकारलेली गोष्ट न्यायाधीशांनी लादली, आता कोणीही उठेल आणि हवामानावरून सरकारला कोर्टात खेचेल. शेवटी समाधानाचा सुस्कारा, की आपल्या कोर्टांना अजून हे खूळ लागलेलं नाही. खाली खो खो हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

एकेक घेऊ. लोकशाहीचा मुद्दा सोडला तर बाकीच्यात फार दम नाही.

आधी कोर्ट कुठलं ते. सरकार हवामानबदल रोखायला पुरेसं करत नाही, अशी स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध स्त्रियांची तक्रार होती. तिच्यावरचा निकाल ९ एप्रिल २०२४ चा आहे आणि तो दिलाय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, १७ न्यायाधीशांच्या महापीठाने. हे न्यायालय युरोपियन युनियनचं नाही. ते ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या १९४९ सालच्या वेगळ्या संघटनेचं आहे. तिचे सदस्य देश ४६, युनियनचे २७. युनियनचं स्वतःचं न्यायालय लक्झेंबर्गला बसतं. स्वित्झर्लंड तर युनियनचा सदस्यच नाही, तेव्हा युनियनच्या कोर्टाने त्याला मानवी हक्कांवरून दंड करण्याचा प्रश्नच येत नाही. चूक होते ती बहुधा झेंड्यामुळे. निळ्या कापडावर बारा सोनेरी तारे हा झेंडा कौन्सिल ऑफ युरोपने १९५५ मध्ये घेतला. युनियनच्या आधीच्या अवताराने तो तीसेक वर्षांनी उचलला आणि इतका मिरवला, की मूळ मालक कोण हेच लोक विसरले. भाडेकरूची पाटी मोठी आणि घरमालकाचं नाव जिन्याखाली, असा प्रकार. न्यायालयाबाहेर तो झेंडा फडकतानाचा फोटो पाहून कोणी ‘युरोपियन युनियन’ लिहिलं असेल तर मी त्याला फार दोष देणार नाही. पण पुढचा सगळा राग त्या चुकीवर उभा आहे. ‘ब्रुसेल्सने’, म्हणजे युनियनने, ‘लादलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की मानवी हक्कांचा हा करार स्वित्झर्लंडने १९७४ मध्ये आपल्या मर्जीने मान्य केला.

आता पैसे. शिक्षा म्हणून दंड करणं या न्यायालयाच्या कामात बसत नाही. फार तर ज्याचा हक्क डावलला गेला त्याला ते नुकसानभरपाई देऊ शकतं. या प्रकरणात तीही दिली गेली नाही, कारण आज्यांच्या संघटनेने ती मागितलीच नव्हती. मिळाले ते ८०,००० युरो, कोर्टखर्चापोटी. संघटनेने सरकारकडे पहिला अर्ज केला २०१६ मध्ये. सरकारने तो ऐकला नाही, मग स्विस प्रशासकीय न्यायालय, मग तिथलं सर्वोच्च न्यायालय, मग स्ट्रासबर्ग. म्हणजे जवळपास साडेसात वर्षांची लढाई. बांधाच्या दाव्यापायी तालुक्याच्या कोर्टात चपला झिजवलेल्या माणसाला यात ‘लॉटरी’ दिसणार नाही.

‘चार म्हाताऱ्या जिंकल्या’ हे मात्र वाचून मला खरंच हसू आलं. कारण त्या चौघी हरल्या.

अर्जदार पाच होते: चार वृद्ध स्त्रिया आणि एक संघटना, ‘क्लिमा-सेनिओरिनेन’, म्हणजे हवामानासाठी एकत्र आलेल्या ज्येष्ठ स्त्रिया. सदस्य दोन हजारांहून जास्त, सरासरी वय ७३. उष्णतेच्या लाटेत वृद्ध स्त्रियांच्या जिवाला धोका जास्त असतो, हा त्यांच्या दाव्याचा पाया. आणि ही काही हौसेची तक्रार नव्हती. २००३ च्या उन्हाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे हजारभर मृत्यू जास्त झाले होते. चौघींनी आपापली वैद्यकीय कागदपत्रं जोडली होती: कोणाला दमा, कोणाला उकाड्यात भोवळ. त्यांतली एक तर खटला चालू असतानाच वारली. न्यायालयाने हे सगळं वाचलं आणि सांगितलं की एवढ्याने भागत नाही. हवामानबदलाची झळ सगळ्यांनाच लागते, म्हणून व्यक्तीला ‘बळी’ म्हणून उभं राहायचं असेल तर तिच्यावरची झळ फार तीव्र असली पाहिजे आणि तिला संरक्षणाची तातडीची गरज असली पाहिजे. चौघींचे अर्ज या चाळणीतून खाली पडले, अग्राह्य ठरले. दार उघडलं ते फक्त संघटनेसाठी, तेही अटी घालून: ती रीतसर स्थापन झालेली हवी, याच कामासाठी असलेली हवी, आणि बाधित लोकांच्या वतीने बोलण्याइतकी खरोखर प्रातिनिधिक हवी.

‘आता कोणीही उठेल’ याचं उत्तर इथेच मिळतं. शिवाय त्याच दिवशी, त्याच सभागृहात आणखी दोन हवामान खटल्यांचे निकाल वाचले गेले आणि दोन्ही अर्ज फेटाळले गेले. एक होता पोर्तुगालच्या सहा मुलामुलींचा, तब्बल ३३ देशांविरुद्ध. त्यांना सांगितलं गेलं, की दुसऱ्या देशाच्या धुराबद्दल त्या देशाला इथे जबाबदार धरता येत नाही, आणि पोर्तुगालबद्दल म्हणाल तर आधी तिथल्या कोर्टात जाऊन या. दुसरा अर्ज फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ग्रांद-सिंथ गावाच्या माजी महापौरांचा. ते गाव सोडून ब्रुसेल्सला राहायला गेले होते, मग त्या गावच्या पुराची झळ तुम्हाला कशी, असा साधा हिशेब. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तीनपैकी एकच निकाल उचलला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेच्या तेलसंशोधन परवान्यांविरुद्ध पर्यावरणवादी गेले, तेव्हा याच न्यायालयाने एकमताने नॉर्वेच्या बाजूने कौल दिला. तो निकाल मला अजून एकाही ग्रुपवर दिसलेला नाही.

न्यायाधीशांनी लादलं काय, हे बघायला निकालाच्या आत शिरावं लागतं. इतका कार्बन कमी करा, अमुक कर बसवा, तमुक गाड्या बंद करा, असं त्यात काही नाही. उपाय कोणते करायचे हे न्यायालयाने मुद्दाम स्विस सरकारवर सोडलं. दोष दाखवला तो कच्च्या हिशेबाचा. १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन २० टक्क्यांनी उतरवू, हे सरकारनेच कायद्यात लिहिलं होतं आणि ते जमलं नाही. देशाच्या वाट्याला एकूण किती कार्बन उरला आहे हे आकड्यांत मांडलेलंच नव्हतं. काही वर्षांसाठी तर नियमच कोरे होते. म्हणून मानवी हक्क कराराच्या कलम ८ चा, म्हणजे खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग, १६ विरुद्ध १ मतांनी. दुसरा भंग कलम ६ चा, म्हणजे कोर्टात दाद मागण्याच्या हक्काचा, एकमताने: स्विस न्यायालयांनी संघटनेचं म्हणणं नीट ऐकलंच नाही. हा दुसरा भाग बातम्यांत हरवून गेला. माझ्या मते तोच जास्त टिकाऊ आहे, कारण दारात आलेल्याला पटेल असं कारण न देता परत पाठवू नये, एवढं मान्य करायला हवामानशास्त्र लागत नाही.

आता तो दम असलेला मुद्दा. जून २०२१ मध्ये स्विस मतदारांनी कार्बन कायद्यातली कडक दुरुस्ती निसटत्या बहुमताने फेटाळली होती, हे खरं आहे. असहमत असलेले एकटे न्यायाधीश टिम आयका हे ब्रिटनचे. बाकीचे न्यायाधीश मानवी हक्क करारात बसतं त्याच्या पुढे गेले, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खासगी जीवनाच्या हक्कातून थेट कार्बनच्या हिशेबापर्यंत पोहोचणं ही उडी लांबच आहे. जून २०२४ मध्ये स्विस संसदेच्या दोन्ही सभागृहांनी या निकालावर नाराजीचा ठराव केला, खालच्या सभागृहात १११ विरुद्ध ७२ मतांनी.

पण मतदानाचा दाखला द्यायचा तर सगळी मतदानं सांगा. जून २०२३ मध्ये त्याच मतदारांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचा कायदा ५९ टक्के मतांनी मंजूर केला. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘परक्या न्यायाधीशांपेक्षा आपली राज्यघटना वर’ असा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला होता, तो त्यांनी ६६ टक्के मतांनी झिडकारला. हे परके न्यायाधीश म्हणजे मुख्यतः स्ट्रासबर्गचेच. आणि लादण्याचं म्हणाल तर या न्यायालयाकडे पोलीस नाहीत, बेलीफ नाहीत. निकाल पाळला जातो की नाही यावर नजर ठेवते कौन्सिलच्या मंत्र्यांची समिती. निकालाआधीच मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला सुधारित कायदा पुरेसा आहे, असं स्विस सरकारने समितीला कळवलं. समितीने मार्च २०२५ मध्ये आणखी तपशील मागवले. पत्राला पत्र, असं चाललंय.

राहिला आपला सुस्कारा. स्ट्रासबर्गच्या निकालाच्या १९ दिवस आधी, २१ मार्च २०२४ रोजी, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून मान्य केला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते आणि खटला होता माळढोकाचा. नान्नजच्या माळावर ज्याच्या नावाने अभयारण्य आहे आणि जो आता दिसला तरी बातमी होते, तोच माळढोक. विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात, म्हणून राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्या, असा आदेश त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. सौरऊर्जा रखडते म्हणून सरकार पुन्हा कोर्टात गेलं, आणि २०२४ च्या निकालात तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला गेला. हवामानाचा हक्क भारताच्या कायद्यात आला तो असा, एका पक्ष्याचं संरक्षण सैल करणाऱ्या निकालातून.