ती वाघाच्या घरात शिरली नव्हती

आज दुपारी शेजारच्या गावात वाघाने मारलेल्या एका बाईच्या अंत्ययात्रेहून परतलो आणि फोन उघडला, तर त्याच बाईच्या बातमीखाली कोणीतरी लिहिलेले दिसले, 'वाघाच्या घरात शिरायचेच कशाला?' त्यावर शेकडो लोकांनी अंगठे उमटवले होते. पहाटे मोहफुले वेचायला गेलेली ती बाई गावापासून हाकेच्या अंतरावर, तिच्या सासऱ्याच्या काळापासून घरचे लोक ज्या झाडाखाली वेचतात, त्याच झाडाखाली गेली. आज माझ्याकडून सौम्य शब्दांची अपेक्षा कोणी करू नये.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आईबरोबर मोहावर जात असे. आमचे झाड बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तलावाच्या, पाळीवर होते. एका पहाटे टोपली अर्धी भरली असेल, तोच आईने माझा खांदा घट्ट धरला. पाळीच्या दुसऱ्या टोकाला पट्टेदार वाघ पाण्याकडे तोंड करून बसला होता. आई ओरडली नाही, पळाली नाही. तिने मला सरळ उभे केले, टोपली तिथेच ठेवली, 'तुझं होऊ दे बाबा, आमी मंग येतो,' असे हळूच म्हणाली आणि वाघाकडे पाठ न करता आम्ही मागे सरकत धानाच्या बांधीपर्यंत आलो. ऊन चढल्यावर ती पुन्हा गेली आणि टोपली घेऊन आली. तोवर झाडाखालची निम्मी फुले चितळांनी खाल्ली होती.

मोहफुले रात्रीतून आणि पहाटे गळतात. उजाडता उजाडता वेचली नाहीत तर ती चितळांच्या, अस्वलांच्या आणि गुरांच्या तोंडी जातात, म्हणून बाई अंधारात घर सोडते. वाकून वेचणारे माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखे दिसते, हे वनरक्षकही गावात येऊन सांगतात. पण उभ्याने मोहफुले कशी वेचावीत, हे कोणी सांगत नाही. तेंदूपानांचेही तसेच आहे. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी मारल्या गेल्या. त्या जिप्सीत बसून वाघ पाहायला गेलेल्या नव्हत्या. शाळेच्या वह्या-पुस्तकांचा आणि पेरणीच्या बियाण्याचा पैसा पानांच्या त्या पुड्यांतून येतो.

आणि घर कोणाचे म्हणता? ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, पण त्याचे नाव तारूवरून पडले, आणि तो तारू वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख होता असे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. तलावाकाठी त्याचे ठाणे, म्हणजे देवस्थान, आहे. ज्या जंगलाच्या नावातच माणूस आहे, तिथे आमच्या बायकांना घुसखोर ठरवताना लाज वाटायला हवी. इकडे ब्रह्मपुरी वनविभागात तर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच वाघांचा मोठा वावर आहे. इथे जंगल, धानाच्या बांध्या, बोड्या, झुडपी रान आणि गावे एकमेकांत अशी मिसळली आहेत की घराची भिंत कुठे घालायची, हे त्या अंगठे उमटवणाऱ्यांनी इथे येऊन दाखवावे.

आईच्या त्या एका वाक्यात आमचा सगळा व्यवहार होता: रात्र त्याची, दिवस आमचा, आणि पहाट जो आधी पोहोचेल त्याची. हा व्यवहार वाघाने मोडला नाही. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्री मिळते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री दोन वाजता बांधावर उभा राहतो. धान रानडुकरे आणि रोही (नीलगाई) नासवतात, म्हणून मचाणावर जागलीला बसतो. 'आमी मंग येतो' हे वाघाला सांगता येते, पंपाच्या विजेला सांगता येत नाही. सौर पंप काही शेतांत आले, हे खरे आहे. कुंपणात सोडलेल्या विजेने वाघ मेले, तेही आमच्याच माणसांनी केले. त्याचे समर्थन मी करणार नाही. वाघाने माणूस मारल्यावर सरकारकडून २५ लाख रुपये मिळतात, हेही मला माहीत आहे, कृपया ते आज मला सांगू नका. आज गेलेल्या त्या बाईच्या लहान मुलीला मी सकाळी टोपली धरून बसलेली पाहिली आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. वाघ मारावा असे मी म्हणत नाही, आमच्याकडे कोणीच सहसा म्हणत नाही. शिवेवरच्या वाघदेवाला आई दरवर्षी नारळ फोडते आणि त्या पहाटेविषयी बोलताना तिच्या आवाजात आजही भीतीपेक्षा ओळख अधिक असते. दिवसा वीज द्या, मोह आणि तेंदूच्या दिवसांत पहाटे गावाबरोबर फिरणारी माणसे नेमा, आणि वाघ कुठे दिसला हे पर्यटकांच्या गाड्यांना जितक्या लवकर कळते तितक्याच लवकर वेचणाऱ्या बायकांना कळू द्या.

संध्याकाळी ती टिप्पणी मी आईला वाचून दाखवली. तिने त्यावर काही म्हटले नाही, फक्त विचारले, 'सूर्य निंगाला होता का तेव्हा?' मी नाही म्हणालो. ती उठली आणि कोपऱ्यातली तिची मोहाची टोपली माळ्यावर ठेवून आली.