फेल म्हणजे नक्की काय झालं?

कारखान्याच्या अहवालांचं इंग्रजीतून जपानीत भाषांतर करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ‘फेल्युअर’ हा शब्द दिसला की जेवण गोड लागत नाही. इंग्रजीत एकदा ‘फेल्युअर’ लिहिलं की हात झटकून मोकळं. आपण तरी कुठे वेगळे? ब्रेक फेल, हार्ट फेल, पोरगा बारावीत फेल आणि गोव्याचा प्लॅनही फेल. जपानी मात्र आधी विचारते, झालं काय आणि कुणाचं?

यंत्र बंद पडलं तर ‘कोशो’. माणसाचा बेत फसला तर ‘शिप्पाई’. पंपाच्या पुढे ‘शिप्पाई’ लिहिलं, तर बिचाऱ्याने मनापासून प्रयत्न केला पण यश आलं नाही, असं वाटायचं! वीज गेली की ‘तेइदेन’, पीक बुडालं की ‘क्योसाकु’, हृदयाचं काम ढेपाळलं की ‘शिनफुझेन’. धातू वारंवार ताण सोसून तुटला तर ‘हिरो हाकाई’. यातला हिरो म्हणजे थकवा, सिनेमातला नव्हे. आणि हाकाई म्हणजे विध्वंस. तुटलेला असतो एक बोटभर बोल्ट, पण वाचताना गॉडझिला येऊन गेल्यासारखं वाटतं. तरी तांत्रिक शब्द तोच, बदलायची सोय नाही.

सगळ्यांत लबाड ‘फुगुआई’. सूर असा, की जरा काहीतरी ठीक नाहीये. जपानमध्ये गाड्या परत बोलावतात त्या सूचनांतही हाच शब्द असतो, मग गाडी पेट घ्यायची भीती का असेना. आमच्या इंजिनिअरांना ‘फुगुआई’ वाचून हायसं वाटतं. मला घाम फुटतो.

परवा अहवाल आला: नवं ड्रॉइंग शॉप फ्लोअरला, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, कळवण्यात ‘फेल्युअर’. साहेब म्हणाले, “मॅडम, कुणाच्या अंगाशी येणार नाही असं बघा.” जपानीत तीही सोय आहे. ‘रेनराकु-मोरे’, म्हणजे निरोपाची गळती. निरोप कुणी द्यायचा राहिला असं नव्हे हो, तो वाटेत गळला! साहेब खूश.

लगेच जपानहून मेल आली. गळती नेमकी कुठे झाली ते ‘नाझे-नाझे’ करून कळवा. नाझे म्हणजे का. उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा का, असं साधारण पाच वेळा, मुळाशी पोचेपर्यंत. आम्ही बसलो. दुसऱ्याच ‘का’ला साहेबांची सही असलेला कागद निघाला.

साहेबांनी चष्मा पुसला. “मॅडम, ह्या ‘का’ला एखादा सौम्य शब्द नाही का हो त्यांच्यात?”