'द पिट'मधलं राजकारण घड्याळात आहे

'द पिट' ही अमेरिकन मालिका बघताय की नाही? जिओहॉटस्टारवर आहे. पिट्सबर्गमधलं एक काल्पनिक ट्रॉमा सेंटर, तिथली कॅज्युअल्टी, सकाळी सातला सुरू झालेली एकच ड्युटी. पहिला सीझन म्हणजे पंधरा भाग, पंधरा तास. सप्टेंबर 2025 मध्ये तिला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं आणि वाद सुरू झाला. कोणी म्हणतं, काय धाडस आहे. गर्भपात, गोवराची लस, फेंटानिलची नशा, गोळीबार, काहीच सोडलं नाही. कोणी म्हणतं, मालिका कमी, प्रचारच जास्त.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केलेली बाई. मला या दोन्ही बाजूंचं नवल वाटतं. विषयांच्या यादीत राजकारण शोधत बसलेत सगळे. ते आहे वेळेत. कोणाला किती मिनिटं मिळतात, कोण बाकावर बसून राहतं, आणि हे वरच्या मजल्यावर बसून कोण ठरवतं, त्यात.

डॉ. मोहनचंच घ्या. हुशार, पण पेशंटशी बोलत बसते, म्हणून सहकाऱ्यांनी तिला 'स्लो-मो' असं नाव ठेवलंय. सीनियर डॉक्टर रॉबी (नोआ वायली, जुन्या 'ईआर'मधला कार्टर) तिला सारखा सांगतो, हात चालव. अशात एक कृष्णवर्णीय बाई आणली जाते, स्ट्रेचरला बांधलेली, किंचाळणारी. आणणाऱ्यांना वाटतं नशेबाज आहे, इंजेक्शनसाठी तमाशा करतेय. मोहन तिच्याजवळ जाते आणि ओळखते की हा सिकलसेलचा क्रायसिस आहे. आधी तिला मोकळं करायला लावते.

हा प्रसंग मी मागे घेऊन पुन्हा पाहिला. आमच्या विदर्भाला हा आजार सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूरकडून येणारे पेशंट नागपुरातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीला ठाऊक आहेत. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं आतून ठणकायला लागतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी आठवते, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, मुठीत प्लास्टिकच्या पिशवीतलं सिकलसेलचं कार्ड. हाऊसमन, म्हणजे ड्युटीवरचा ज्युनियर डॉक्टर, म्हणाला, "सिस्टर, नाटक आहे, डायक्लोफेनॅक द्या आणि बसवा बाहेर." तो पोरगा वाईट नव्हता. छत्तीस तास उभा होता आणि मागे रांग दारापर्यंत गेली होती. पण नाटकाचा संशय कोणावर येतो बघा. तिकडे काळ्या बाईवर, इकडे आदिवासी पोरीवर. विश्वास ठेवायला वेळ लागतो, आणि तो कापायचा ठरला की आधी यांचाच कापला जातो.

पहिल्याच भागात प्रशासक ग्लोरिया खाली येते, पेशंटच्या समाधानाचे गुण घसरले म्हणून. रॉबीचं म्हणणं साधं आहे. वरच्या वॉर्डात नर्स नाहीत, म्हणून बेड उघडत नाहीत. म्हणून ॲडमिट झालेले पेशंट कॅज्युअल्टीतच पडून राहतात, आणि बाहेरची खोली तुंबते. माझ्या मते अख्ख्या सीझनचं सगळ्यात राजकीय बोलणं हेच. गोवराच्या भागातली लसीवरची भाषणं त्यापुढे फिकी आहेत. ती जरा पत्रक वाचून दाखवल्यासारखी झालीत, तेवढं टीकाकारांचं मान्य.

त्याच तुंबलेल्या खोलीत डग नावाचा माणूस बसलाय. छातीत दुखतंय, ईसीजी झालाय, थांबायला सांगितलंय. मागून आलेले आत जाताना दिसतात आणि तो तास न् तास धुमसतो. शेवटी निघून जाताना बाहेर सिगरेट ओढत उभ्या असलेल्या चार्ज नर्स डेनाच्या तोंडावर ठोसा मारतो. तो ज्यांच्यावर चिडलाय ती माणसं त्या दारात कधी उभी नसतातच. तिथे उभी असते सिस्टर, नाहीतर निवासी डॉक्टर. आपल्या महाराष्ट्रात अशा मारहाणीविरुद्ध 2010 पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तरी मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारलं आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर, त्यांची संघटना मार्ड, सामूहिक रजेवर गेले. मग दारात सुरक्षारक्षक वाढले. दाराच्या आतल्या सिस्टर किती वाढल्या, ते कोणत्याही वॉर्डात रात्री जाऊन मोजा.

कॅथरिन लनासाने डेना जशी केलीय, त्यासाठी तिला एमी मिळालं ते योग्यच. मार खाल्ल्यावर नाकात बोळा घालून ती पुन्हा ड्युटीला उभी. हे अतिशयोक्त वाटलं असेल त्याने एखाद्या सिस्टरला विचारावं.

गर्भपाताच्या गोष्टीतही मला घड्याळच दिसलं. सतरा वर्षांची मुलगी गोळ्यांसाठी आलीय. पेन्सिल्व्हेनियात अठराच्या आत पालकाची संमती लागते, म्हणून मावशी आई बनून आलीय. गोळ्यांना अकरा आठवड्यांची मर्यादा. एका डॉक्टरच्या सोनोग्राफीत ती मर्यादेच्या आत, दुसरीच्या सोनोग्राफीत जरा पुढे. प्रोब इकडचा तिकडे झाला की मिलिमीटर बदलतो, त्यावर दिवस ठरतात आणि त्या दिवसांवर पोरीचं पुढचं आयुष्य. इथे कोणीही भाषण देत नाही, म्हणूनच ते लागतं.

आणि तो म्हातारा विली. हृदयाच्या तक्रारीने आलेला, गप्पिष्ट. बोलता बोलता कळतं की हा फ्रीडम हाऊसच्या अँब्युलन्सवर होता. ही गोष्ट खरी आहे. 1967 मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय तरुणांना, ज्यांना कोणी नोकरी देत नव्हतं त्यांना, सीपीआरवाले डॉ. पीटर सफार यांनी तयार केलं. तोवर तिथे पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत, उपचार रस्त्यात नव्हतेच. या पोरांनी ते सुरू केले. 1975 मध्ये शहराने सेवा आपल्या हातात घेतली आणि यातल्या बहुतेकांना हळूहळू बाजूला सारलं. ही सगळी हकीकत मालिकेत दोन मिनिटांत उरकलीय. मला तिच्यासाठी एक अख्खा तास हवा होता.

शेवटचे तास संगीत महोत्सवातल्या गोळीबाराचे. लोक त्यातल्या रक्तावर आणि शौर्यावर बोलतात, मी मात्र त्याआधीची धावपळ बघत होते. जखमी येणार म्हटल्यावर थोड्या वेळात कॅज्युअल्टी रिकामी. दिवसभर कॉरिडॉरमध्ये पडलेल्यांना कुठे ना कुठे जागा मिळाली. सकाळी सातला रॉबी ग्लोरियाकडे मागत होता ती हीच जागा.