विशेष आभार

माझी ताजी शॉर्ट फिल्म नऊ मिनिटांची आहे. त्यातलं दीड मिनिट नुसती 'विशेष आभार'ची पाटी सरकते. बघणाऱ्याला वाटतं, काय नम्र माणूस आहे! नम्रता कसली, ती उधारीची वही आहे.

पैशांवर सिनेमा करणाऱ्याला फक्त पैसे फेडावे लागतात. आम्ही ओळखीवर करतो. कॅमेरा मित्राचा आणि मित्र लग्नाचं शूटिंग करणारा, त्यामुळे लग्नसराईत कॅमेऱ्याचं दर्शनही होत नाही. चातुर्मास आणि पौष एवढाच आमचा सीझन. लोकांचे मुहूर्त संपले की आमचा मुहूर्त. भर मे महिन्यात चुकून एखादा कोरा दिवस सापडलाच, तर पारा ४४ वर गेलेला असतो आणि कॅमेरा तापून आपोआप बंद पडतो. युनिटकडे छत्री एकच. ती कॅमेऱ्यावर धरतात, हिरो उन्हात. हिरो फुकट आलेला असतो, कॅमेरा परत करायचा असतो.

लोकेशन म्हणजे सोलापुरात बाळीवेशीतला आत्याचा वाडा. गोष्ट एका विड्या वळणाऱ्या बाईची, एकटीनं घर ओढणारी. पहिल्या दिवशी भिंतीचे पोपडे, काजळी धरलेला कोनाडा, पिवळा बल्ब. कॅमेरामन इतका खूश की त्यानं चहासुद्धा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर भिंतीला पांढराशुभ्र चुना, दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण, कॉटवर मोराची कोरी चादर आणि उंबऱ्यावर रांगोळी.

"रात्री दोनपर्यंत जागून केलं बघ," आत्या म्हणाली. "सिनेमात घर तसलं दिसलं तर लोक काय म्हणतील?"

"अगं आत्या, बाई गरीब दाखवायचीय."

"गरीब असली म्हणून काय घाण असती का रे?"

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आता पडद्यावर ही बाई पोपड्यांसमोर बसून रडते, डोळे पुसत उठते, दार ढकलून आतल्या खोलीत जाते आणि थेट दिवाळीत पोचते. मधे शेजारणीचा एक संवाद घुसवला: "बोनस झाला वाटतं!" निभावलं.

चित्र निभावतं हो, आवाज निभावत नाही. पूर्व भागातल्या एका गल्लीत मायलेकाच्या अबोल्याचा सीन लावला होता. दोघं एकमेकांकडे न बघता बसलेत, शब्द नाही. आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग खटाक् खटाक् खटाक्. मी मालकांकडे गेलो. पाच मिनिटं माग बंद ठेवता का, म्हणून हात जोडले.

"मधेच थांबवला की कापडावर पट्टा येतो," ते म्हणाले. "तुमचं चुकलं तर तुम्ही परत काढता. मी टॉवेल परत विणू का?"

बिनतोड होतं. खटखट काही केल्या पुसली जाईना, तेव्हा आम्ही त्या मुलालाच मागावर कामाला लावलं. कथेत. पटकथा टेबलावर बसून लिहितात असं शिबिरांमधे शिकवतात. आमची निम्मी शेजाऱ्यांनी लिहिलेली आहे.

बाकीचं डबिंग घरी. साउंड स्टुडिओवाले भिंतींना फोम लावतात म्हणे. सोलापुरात फोम कशाला? पाहुण्यांसाठी राखलेली चादरींची चळत घराघरात असते. खोलीभर दोऱ्या बांधून जाड चादरी सोडल्या की घुमारा गायब. हवासुद्धा गायब, कारण पंखा लावला की तो माइकमधे येतो. त्या तंबूत आमची नायिका घामानं निथळत "माय गं, काय थंडी पडलीय" हा संवाद म्हणत होती, आणि बाहेरून आत्या ओरडत होती, "चादरींना घामाचे डाग पडायला नकोत!" एका मारामारीत हाड मोडल्याचा आवाज हवा होता. तो कडक भाकरीचा आहे. माइकजवळ धरून एका दमात मोडली की अंगावर काटा येतो. उरलेलं हाड आम्ही शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खाल्लं.

एवढं करूनही घरचे विचारतात, यातून मिळतं काय? २०१६ पासून तर फारच अवघड झालंय. जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी 'सैराट'मधून करमाळा तालुका देशभर नेला, तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक मामा-काकांकडे आमच्यासाठी एकच वाक्य तयार असतं: "त्यांचं झालं की, तुझंच कसं होत नाही?"

पैसे मिळतात ते गाण्यात. प्लॉटिंगवाल्या एका शेठना पुतण्याला लॉन्च करायचं होतं. प्रेमगीत, स्लो मोशन, सिद्धेश्वर तलावाचा काठ, आणि शेठची गाडी दिसलीच पाहिजे, नंबरप्लेटसकट.

गाण्यातलं स्लो मोशन कसं होतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सेकंदाला ५० फ्रेम घेऊन २५ नं चालवल्या की चालणं निम्म्या वेगाचं होतं. पण ओठही निम्म्या वेगानं हलतील ना! म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगात वाजवायचं आणि हिरोनं त्या वेगात ओठ हलवायचे. पडद्यावर हिरो संथ चालतो आणि ओठ गाण्यावर बरोब्बर बसतात. कागदावर हे झकास आहे. तलावाच्या काठावर स्पीकरमधून ते विरहगीत खारीनं गायल्यासारखं किचकिचायला लागलं, तेव्हा फिरायला आलेली सगळी मंडळी जमली.

"टेप बिघडलाय तुमचा," एक आजोबा म्हणाले.

"हिरॉईन कुठाय बे?" पोरांची चौकशी.

"कुठल्या चॅनेलला येणार?" हा प्रश्न तर शूटिंगच्या परवानगीसारखा आहे, त्याचं उत्तर दिल्याशिवाय कुणी बाजूला होत नाही.

पुतण्याची जीभ कडव्यातच अडकायची. चौथ्या शब्दापासून तो नुसता तोंडाची उघडझाप करायचा, तळ्यातल्या माशांशी बोलत असल्यासारखा. फोरकेमधे, म्हणजे एकदम बारकाव्यानिशी शूट केलं की, कार्डावरचे तासाला ४५ जीबी जातात आणि आमचं कार्ड होतं ६४ चं. शेवटी मी त्याला तलावाकडे तोंड करून उभं केलं. पाठमोरा, वाऱ्यावर शर्ट, समोर पाणी. तुम्ही यूट्यूबवर मराठी गाणी बघत असाल तर हिरो अधूनमधून पाण्याकडे बघत खूप वेळ उभा राहतो, हे लक्षात आलं असेल. त्याला विरहाबिरहाचं काही नसतं. त्याला शब्द येत नसतात.

गाण्यातले गर्दीचे शॉट गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत घेतले. पौष असल्यामुळे कॅमेरा मोकळा, आणि होम मैदानावर हजारो ज्युनियर आर्टिस्ट फुकट. त्यातला प्रत्येक जण लेन्समधे बघून हात हलवतो, तरी पाळणे आणि दिवे छान आले. मागे कुठल्यातरी स्टॉलवर हिंदी सिनेमाचं गाणं लागलेलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. यूट्यूबच्या मात्र अपलोड होता होताच आलं. कॉपीराइट क्लेम! म्हणजे शेठच्या पुतण्याचं प्रेम व्हायरल झालंच असतं, तर कमाई मुंबईच्या कुठल्यातरी म्युझिक कंपनीला. तो आवाज काढून तिथे आत्याच्या हळदीकुंकवाचा गोंगाट भरला. ऐकून सांगता येत नाही. एका ठिकाणी "वाण कुणाला राहिलं?" असं येतं तेवढंच.

आणि ही सगळी फेड पुढे चालू राहते. कॅमेरावाल्या मित्राच्या भाच्याचं बारसं मी शूट केलं. छत्रीवाल्याच्या सासऱ्यांची एकसष्टी केली. आत्याला दर सणाला वाड्याचे फोटो लागतात, चुना लावल्यानंतरचे. फिल्म प्रसिद्ध झाल्यावर नऊ मिनिटं कुणीच बघितली नाहीत. सगळ्यांनी थेट शेवटच्या पाटीवर उडी मारून आपलं नाव तपासलं. दोघांच्या आडनावात वेलांटी चुकली होती, त्यांचे फोन आले. मग मागवाल्या मालकांचा आला.

"पिक्चरमधे आमचा माग वाजतोय की."

"हो मालक. आभारात नाव घातलंय."

"नाव बघितलं, बरोबर आहे. रविवारी पोरीचा साखरपुडा आहे, कॅमेरा घेऊन या. आणि ते तळ्यावर पोरगं हळूहळू चालत येतं बघा, तसंच पाहिजे आम्हाला."

"मालक, त्याला सगळं डबल स्पीडनं वाजवावं लागतं. भटजींना कसं सांगायचं?"

"सांगायचं कशाला?" मालक म्हणाले. "ते तसंच म्हणतात."